बुवांचा हिरवा ठिपका

बुवा जेवताना आवाज करायचे, आणि तो आवाज ऐकायला यशोधराच्या मैत्रिणी शाळेआधी वाट वाकडी करून तिच्या घरी यायच्या. चिमट्यात धरलेला रातकिडा पुढे केला की बुवा मान तिरकी करत, एका डोळ्याने त्याचं माप घेत, जीभ फेकत, आणि मग... कुर्रम! कडक पापड मोडावा तसा. मैत्रिणी किंचाळत, टाळ्या वाजवत. बुवा डोळे मिटून घेत, जणू रोजच्या कौतुकाचा त्यांना कंटाळा आलाय.

बुवा म्हणजे दाढीवाला सरडा. पूर्वज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले, जन्म पुण्याच्या एका परवानाधारक पैदास केंद्रातला, मुक्काम नागपुरात, नीलाद्री टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर. राग आला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून काळीकुट्ट करायचे, म्हणून नाव बुवा. घरात सगळे त्यांना अहोजाहो करत. आईला 'तू' म्हणणारी यशो बुवांना मात्र 'तुम्ही' म्हणायची.

त्या मंगळवारी बुवांनी जीभ फेकली, रातकिडा तोंडात गेला, आणि आवाजच आला नाही.

रातकिडा अर्धा आत, अर्धा बाहेर. बुवा चावत होते, चावतच होते, आणि रातकिड्याला काही म्हणजे काही होत नव्हतं. शेवटी तो सुटला आणि बुवांच्या राहायच्या पेटीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. यशोने हळूच बुवांच्या हनुवटीखाली बोट लावलं. जबडा दबला, खोडरबर दबतो तसा! मागच्या पायांची बोटं आपोआप थरथरत होती.

यशोने घाबरायचं नंतरवर ढकललं. पाळीव सरड्यांना काय काय होतं हे तिला पाठ होतं. उगाच का तिने बुवांसाठी आईमागे वर्षभर भुणभुण लावली होती? कात बोटांना अडकून बोट सुजतं. बुवांची बोटं साफ होती. तोंडात जखमा होतात. बॅटरी मारून पाहिलं, तोंड गुलाबी. वाळू गिळली तर पोट तट्ट फुगतं. पेटीत वाळू नव्हतीच. थंडी बाधली तर श्वासात घरघर येते. कान लावला, घरघर नव्हती. उरलं एकच, सगळ्यांत जास्त आढळणारं: हाडं मऊ पडणं. पण ते कॅल्शियम कमी पडलं तर! यशो तर प्रत्येक रातकिड्याला कॅल्शियमची पावडर लावायची, पुरीला पीठ लावावं तशी. आणि बुवांच्या छातीवरच्या पट्टीचा ठिपका होता हिरवागार.

तिने प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला.

"नमस्कार! आपला प्राणी हिरवा आहे. अभिनंदन!" यंत्राचा आवाज गुळगुळीत होता.

"अहो, त्यांना चावता येत नाहीये!"

"हिरव्या प्राण्यांना तपासणीची वेळ दिली जात नाही. आपला दिवस हिरवा जावो."

यशोने फोन उशीवर आपटला. उशीवरच, कारण फोन नवा होता.

पट्टी होती नखाएवढी. तिच्या पोटाशी केसाहून बारीक सुया. त्या रक्तापर्यंत पोचत नाहीत, म्हणून दुखत नाहीत. कातडीखाली जो ओलावा असतो त्याची फक्त चव घेतात. त्या चवीवरून रक्तात साखर किती, क्षार किती, कॅल्शियम किती हे पट्टीला सतत कळत राहतं. एवढे आकडे वाचत बसायला कुणाला वेळ? म्हणून वर एक ठिपका. हिरवा, पिवळा, लाल. माणसं पट्टी दंडावर लावत. पट्टी आल्यापासून दवाखान्यांतल्या रांगा संपल्या. डॉक्टर आधी लाल बघत, मग पिवळे, आणि हिरव्यांनी घरी बसायचं. तापाचं नाटक करून शाळा बुडवण्याची सोयच राहिली नाही, म्हणून यशोच्या अख्ख्या वर्गाचा पट्टीवर राग होता. म्हणजे खरं तर यशोच्या आईवर. कारण कोणता आकडा किती झाला की ठिपका कोणत्या रंगाचा होणार, हा नियम लिहिणारी व्यक्ती होती डॉ. सुजाता गजभिये. बाबा रायपूरला नोकरीला, शनिवार-रविवारी येणारे. एरवी घरात यशो, आई, बुवा आणि आईचा लॅपटॉप.

आता आईची कंपनी प्राण्यांची पट्टी आणत होती. चाचणीची पहिली पट्टी बुवांच्या छातीवर होती, आणि प्राण्यांचे दवाखाने तिला आधीच जोडले होते. शुक्रवारी मोठा कार्यक्रम होता, आणि शहरभरच्या पोस्टरवर दाढी फुगवलेले बुवा झळकत होते. खाली लिहिलेलं: हिरवा म्हणजे निर्धास्त.

शाळेला अजून अर्धा तास होता. ऊन मिळालं तर बुवांना तरतरी येईल, असा विचार करून यशोने पेटी उचलली आणि ती उन्हाच्या ओसरीत गेली.

नागपूरचे उन्हाळे आता असे झाले होते की सकाळी नऊनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. म्हणून टॉवरच्या सगळ्या भिंती खास काचेच्या. उजेड आत घ्यायची, ताप बाहेर ठेवायची. प्रत्येक मजल्यावर पूर्वेला काचेची लांब गॅलरी, तिला सगळे उन्हाची ओसरी म्हणत. सकाळी म्हातारी मंडळी खांद्यावर टॉवेल टाकून, गुडघ्यांना तेल चोळून तिथे कोवळं ऊन खायला बसत. बुवांची पेटीसुद्धा रोज सकाळी तिथेच असे.

सोसायटीचे सेक्रेटरी ढोमणेकाका आपल्या ठरलेल्या खुर्चीत गुणगुणत बसले होते. त्यांच्या तोंडावर लख्ख ऊन पडलं होतं.

"या बुवा!" काका म्हणाले. "आज फिके दिसून राहिले. यशो, हा चष्मा पाहिला का? पोरीनं पाठवला. उन्हात आपोआप काळा होते. काल खाली उघड्या पार्किंगमध्ये गेलो ना, एकदम हिरो!"

"मस्त आहे काका," यशो म्हणाली, आणि मग तिचं लक्ष गेलं. "काका, तुम्ही आत्ता उन्हातच बसलाय ना?"

"मग? दिसत नाही का?"

"मग चष्मा पांढरा का आहे?"

काकांनी चष्मा काढला, उन्हात धरला, फुंकर मारली, पुन्हा धरला. स्वच्छ, पाण्यासारखा. "बिघडला वाटते," ते म्हणाले.

"बिघडला नाही काका!" यशो जवळजवळ ओरडलीच. "चष्मा कशाने काळा होतो, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी. ती किरणं आत येतच नाहीयेत! काच त्यांनाही अडवते. आपण सगळे इथे बसून नुसता उजेड खातोय!"

"अबे, मग मी चार वर्षं काय करून राहिलो इथं?"

यशोच्या डोक्यात एकामागून एक दिवे लागत होते. कातडीवर ती किरणं पडली की शरीर ड जीवनसत्त्व बनवतं. ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम पोटातून रक्तात शिरतच नाही; आलं तसं निघून जातं. म्हणजे तिची सगळी पावडर वाया. मग बुवांच्या रक्तात कॅल्शियम भरलेलं कसं? ठिपका हिरवा कसा?

संध्याकाळी ताटं वाढल्यावर तिने विषय काढला.

"आई, बुवांचा जबडा मऊ झालाय."

"ठिपका?"

"हिरवा. पण..."

"मग कात टाकायला आले असतील."

"कात टाकताना जबडा मऊ होतो का कुणाचा?"

आईने घास ठेवला आणि लॅपटॉप वळवला. "हे त्यांचं रक्तातलं कॅल्शियम. दोन महिने सरळ रेघ. इतकी सुंदर रेघ मी माणसांतही पाहिली नाही. पट्टी खोटं बोलत नाही, यशो."

"म्हणजे बुवा खोटं बोलून राहिले?"

"शुक्रवार तोंडावर आलाय आणि तू काय लावलंय! वाटणं-बिटणं नको मला. डेटा दाखव." आई उठायला गेली आणि टेबल धरून तशीच अर्धवट वाकून राहिली. "आई गं..."

"कंबर?"

"खुर्चीचं दुखणं आहे." तिने बाही सरकवून दंड दाखवला. "हे बघ. हिरवा."

यशो त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग बुवांच्या पेटीकडे. डेटा हवाय ना? आणते.

बुधवारी शाळा सुटल्यावर तिने बुवांना कापडी पिशवीत घेतलं, उन्हापासून अंगभर झाकून घेतलं आणि बंद रिक्षाने थेट धरमपेठेत गेली. तिथे तिच्या संदीपमामाचा दातांचा दवाखाना होता. ठिपक्याला दातांतलं काही कळत नसे, म्हणून दातवाल्यांकडे अजूनही कुणीही सरळ जाऊ शकत असे. हिरवा असो, पिवळा असो.

"मामा, एक्स-रे काढायचाय. जबड्याचा."

"काय दुखून राहिलं गं? चॉकलेटं खा अजून!"

"माझा नाही." तिने पिशवी उघडली.

मामा एक पाऊल मागे गेला. "यशे, माझं लायसन माणसांचं आहे."

"तू त्यांना औषध देऊ नको. नुसता फोटो काढ. मामा, ते मरतील रे."

मामाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातमोजे चढवले. "बुवा, आ करा. चूळ नंतर भरा. खुर्चीवर बसता की हातावर?" दाढेचा फोटो घ्यायची छोटी चकती त्याने बुवांच्या हनुवटीखाली धरली. ती अगदी मापात बसली. जणू त्यांच्यासाठीच केलेली. यशोने त्यांचं डोकं दोन बोटांत अलगद धरलं. क्लिक.

पडद्यावर चित्र उमटलं आणि मामाची थट्टा थांबली.

"दात दिसून राहिले," तो हळू आवाजात म्हणाला. "पण हाड कुठाय?"

दातांच्या दोन स्पष्ट रांगा, आणि त्यांच्याखाली जिथे जबड्याची पांढरी कमान हवी तिथे नुसता धुरकट डाग. पाण्यात खडू विरघळल्यासारखा.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बुवांची पट्टी घराबाहेर गेल्याचा संदेश आईच्या फोनवर आला होता.

"यशोधरा!" पूर्ण नाव. म्हणजे प्रकरण गंभीर. "परवा कार्यक्रम आहे आणि त्यांना घेऊन तू गावभर फिरून राहिली? आणि संदीप, तुला तरी अक्कल?"

"ताई, ओरड नंतर," मामा म्हणाला. "आधी हे बघ."

आईने पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "पण रक्तातलं कॅल्शियम... ती रेघ..."

"आई, ऐक ना!" यशोला आता थांबवणं अशक्य होतं. "टॉवरमधल्या नळाला पाणी जोरात येतं, म्हणून खालची टाकी भरलीच आहे असं म्हणशील का तू? पंप खेचतोय तोवर येतंच! हृदय चालायला रक्तात कॅल्शियम लागतंच लागतं. पोटातून मिळेना, तर शरीर हाडांना सांगतं, काढा तुमच्यातलं. हाडं विरघळतात आणि रक्त भरलेलं राहतं. रेघ सरळ आहे, कारण बुवांची हाडं ती सरळ ठेवून राहिलीत! पट्टी खोटं नाही बोलत. तिला नळच दिसतो, टाकी नाही दिसत."

आई पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

"आणि तू पण," यशो म्हणाली. "तू पण चार वर्षं त्याच काचेमागे आहेस. मामा, आम्ही टॉवरमध्ये जायच्या आधी आईची अक्कलदाढ तूच काढलेली ना? तेव्हाचा फोटो आहे?"

"आहे की."

"यशो, माझं काय मध्येच! मी हिरवी आहे."

"बुवाही हिरवेच आहेत," यशो म्हणाली. "वाटणं-बिटणं नको, डेटा दाखव, असं तूच म्हणाली ना?"

मामाने खुर्चीकडे हात केला. "बस ताई. लहानपणी माझे कान धरून बसवायचीस ना? आज मी."

आई बसली. यंत्र तिच्या चेहऱ्याभोवती अर्धी फेरी मारून गेलं. मामाने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्या चित्रात जबड्याची खालची कड जाड, पांढरी, ठाम. आजच्या चित्रात तीच कड बारीक आणि जागोजागी विरलेली, धुऊन धुऊन झिजलेल्या साडीच्या काठासारखी.

आईने दंडावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "एक संप्रेरक असतं. हाडांना 'कॅल्शियम सोडा' म्हणून हुकूम देणारं. टाकी रिकामी व्हायला लागली की ते वाढतं. पट्टी तेही मोजते."

"मोजते?" यशो उडालीच. "मग ठिपक्यात का नाही?"

"मी घेतलं नाही. लोकांचा गोंधळ होईल म्हणून. एकच सोपा ठिपका हवा होता सगळ्यांना." आईने भावाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "मलाही."

"मग आता घे! बुवांना इंजेक्शन लागणार, दवाखाना हिरव्याला आत घेत नाही. आई, त्यांच्याकडे वेळ नाहीये."

"चाचणीतल्या पट्ट्या दोनच आहेत. त्यांची आणि माझी. त्या दोन्हींचा नियम मी बदलू शकते. पण एकदा बदलला की कंपनीत सगळ्यांना दिसेल. परवाच्या कार्यक्रमाचं काय होईल, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे." यशोने बुवांना आईच्या मांडीवर ठेवलं. बुवांनी जड डोकं उचललं, एका डोळ्याने आईचं माप घेतलं आणि डोकं परत टेकवलं.

आईने पेशंटच्या खुर्चीतच लॅपटॉप उघडला. मामा चहा सांगून आला. चहा आला आणि तसाच गार झाला. आईची बोटं आधी अडखळत, मग झपाझप चालू लागली. शेवटी तिने एक कळ दाबली आणि तिघांनी श्वास रोखून बुवांच्या छातीकडे पाहिलं.

हिरवा. हिरवा. हिरवा.

पिवळा!

"पिवळा!" यशो किंचाळली. "मामा, पिवळा! आई, अभिनंदन!" आजारी असल्याचा असा आनंद नागपुरात आजवर कुणी केला नसेल. बाहेर बसलेल्या पेशंटने दार उघडून आत डोकावलं. तेवढ्यात यशोचा फोन वाजला.

"नमस्कार! आपला प्राणी पिवळा आहे. कृपया त्याला ताबडतोब घेऊन यावे."

"आता कसं!" यशो फोनला म्हणाली.

आई मात्र स्वतःच्या दंडाकडे बघत होती. तोही पिवळा झाला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती. "खुर्चीचं दुखणं म्हणे," ती म्हणाली.

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बुवांना इंजेक्शन दिलं, तोंडातून द्यायचं औषध दिलं, आणि म्हणाल्या, "खरं ऊन हवं. काचेतलं नाही." बुवा जगतील का, असं यशोने विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "उशीर झालाय. पण तुम्ही आलात."

खरं ऊन होतं गच्चीवर, आणि गच्चीला उन्हाळाभर कुलूप. किल्ली ढोमणेकाकांकडे.

"नियम आहे यशो. कुणाला चक्कर आली म्हणजे?"

"सकाळी सकाळी जाऊ, टोपी घालून, पाणी घेऊन. काका, चष्मा घालून वर चला. काळा झाला तर किल्ली माझी. नाही झाला तर स्नेहसंमेलनात तुमची सगळी गाणी पहिल्या रांगेत बसून ऐकेन."

"सगळी?"

"वन्स मोअर देऊन."

काकांनी किल्ली घेतली. गच्चीचं दार उघडलं, ऊन अंगावर आलं, आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांवरच्या काचा काजळासारख्या काळ्या झाल्या. काका बराच वेळ दोन्ही तळवे उन्हाकडे करून उभे राहिले. एकदम हिरो.

शुक्रवारचा कार्यक्रम झाला, पण ठरल्यासारखा नाही. आई मंचावर गेली, आणि पडद्यावर बुवांच्या फोटोऐवजी तिच्या स्वतःच्या जबड्याची दोन चित्रं आली. साहेब लोक खुर्च्यांवर चुळबुळले. तिने नळ आणि टाकीची गोष्ट सांगितली आणि ती कुणाची आहे तेही सांगितलं. कंपनीने तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं. पण सभागृहातल्या प्रत्येकाने तोवर आपापला दंड चाचपला होता, आणि ते काही परत घेता येण्यासारखं नव्हतं. थोड्याच दिवसांत नवा नियम सगळ्या पट्ट्यांवर आला. तो आला त्या दुपारी नीलाद्री टॉवर मजल्यामजल्याने पिवळा होत गेला.

आईला ती रजा चांगलीच मानवली. आता रोज सकाळी ती बाह्या वर सारून यशोबरोबर गच्चीवर यायची. उन्हाच्या ओसरीतल्या खुर्च्या एक एक करून वर आल्या होत्या. बुवा कठड्याजवळच्या विटेवर चपटे होऊन पसरत, ऊन पिण्यासाठी अंग गडद करत. ते खात नव्हते. औषध घेत, पाणी घेत, आणि रातकिड्यापासून मान वळवत. यशो रोज चिमटा पुढे करायची. रोज मागे घ्यायची. दुसऱ्या दिवशी परत.

"एवढ्यात नको आशा धरू," आई एकदा म्हणाली.

"आशा कुठे धरली? रातकिडा धरलाय," यशो म्हणाली.

आणि मग एका सकाळी, काका आपल्या काळ्या चष्म्यात ताना घेत असताना, बुवांनी मान तिरकी केली. एका डोळ्याने माप घेतलं. यशोचा हात जागच्या जागी थिजला. आईने काकांना हाताने गप्प केलं. अख्खी गच्ची थांबली.

जीभ सुटली.

कुर्रम!

बारीकसाच होता. जुन्या आवाजाच्या निम्माही नाही. पण बाविसाव्या मजल्याच्या वर, उघड्या उन्हात, तो प्रत्येकाला ऐकू गेला.

बुवांनी डोळे मिटले. छातीवरचा ठिपका अजून पिवळाच होता. यशोने डबा उघडला आणि दुसरा रातकिडा चिमट्यात धरला.